पान सत्तेचाळीसवरचा फोन नंबर

ज्योतीचं काम गेलं ते डिसेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी सव्वादहाला, गॅसवर दूध असताना.

पुण्याच्या एका कंपनीसाठी ती चार वर्षं रोज दोन लेख लिहीत होती. गिझर कसा निवडावा, फरशीवरचे डाग कसे काढावेत, पावसाळ्यात इन्व्हर्टरची काळजी कशी घ्यावी... असले. त्या सकाळी कंपनीची मेल आली. एक तारखेपासून हे लेख संगणकाकडून लिहून घेण्यात येतील, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ज्योतीने मेल दोनदा वाचली. ही मेलसुद्धा संगणकानेच लिहिलेली दिसते, असं तिला वाटलं. माणसाने लिहिली असती तर कुठेतरी थोडी अडखळली असती.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

"काय झालं गं?" बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं.

"दूध उतू गेलं."

"आणि?"

आईला हे 'आणि' कसं कळतं, ते ज्योतीला आजवर उमगलं नव्हतं. "पुण्याचं काम गेलं," ती म्हणाली.

आई आत आली आणि ओटा पुसायला लागली. "तुझे बाबा कामाला होते ती ऑइल मिल दोनदा बंद पडली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा आपण जेवत होतो. बाजूला हो, भाजेल."

जळगावात पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत या मायलेकी राहायच्या. बाबा जाऊन सात वर्षं झाली होती. ज्योती बत्तीस वर्षांची होती आणि घरी बसून लिहायची. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की आई सांगायची, "लेखन करते." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते झालं. पण काम काय करते?"

घरी बसून लिहिणाऱ्याचे दिवस सारखे जात नाहीत. एखाद्या दिवशी सकाळपासून तीन-तीन फोन येतात. केळीच्या वेफर्सवाल्याला पाकिटावर मजकूर हवा असतो आणि त्यात 'कुरकुरीत' हा शब्द चार वेळा हवा असतो. शाळेच्या संचालकांना सव्वीस जानेवारीचं भाषण हवं असतं, टाळ्या कुठे येतील तेही बाजूला लिहून हवं असतं. दातांच्या डॉक्टरांना सगळं पसंत पडतं, फक्त 'थोडं आणखी भारी' करून हवं असतं. आणि मग सलग आठ दिवस असे जातात की फोन वाजतो तो गॅसचा नंबर लागल्याचा. ज्योतीला याची सवय होती. चांगल्या दिवशी ती फार उडायची नाही, वाईट दिवशी फार रडायची नाही. संध्याकाळी मेहरुण तलावाला एक चक्कर मारून आली की तिचं बरंचसं जागेवर यायचं.

त्या सोमवारीही तसंच झालं. सकाळी एक काम गेलं आणि दुपारी चारला दुसरं आलं.

फोन भाईदासभाऊंचा होता. ते निवृत्त मुख्याध्यापक, समाजाच्या मंडळाचे सचिव. "ज्योती बेटा, यंदा वधू-वर परिचय सूचीचं पुस्तक तू कर," ते म्हणाले. "मागच्या वर्षी ज्याला दिलं होतं, त्याने एका मुलीची उंची सहा फूट एक इंच छापली. पोरगी पाच फूट एक. तिला बघायला पाहुणे आले ते वर बघत आले."

ज्योती हसली आणि काम घेतलं. जानेवारीत धुळ्याला मेळावा होता. त्याआधी पुस्तक छापून व्हायला हवं होतं. चारशे बारा फॉर्म, प्रत्येकाचा फोटो, माहिती, आणि खाली तीन ओळी. त्या तीन ओळी ज्योतीने लिहायच्या. "एवढं नीट झालं की मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिकाही तुझ्याकडेच," भाईदासभाऊंनी जाता जाता सांगून टाकलं.

ज्योतीची कामाची एक पद्धत होती. ज्याची माहिती अपुरी असेल, त्याच्या संपर्काच्या रकान्यात ती स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून ठेवायची. पान उलटताना आपला नंबर दिसला की समजायचं, इथे काम बाकी आहे. माहिती पुरी झाली की आपला नंबर खोडायचा आणि त्यांचा टाकायचा. सोपी पद्धत होती आणि आजवर कधी चुकली नव्हती.

पुनर्विवाहाचा विभाग शेवटी होता. त्यात एक फॉर्म जवळजवळ कोराच होता. नवल आत्माराम पाटील, वय छत्तीस, देवपूर, धुळे. व्यवसाय, मोटर वाइंडिंग. अपेक्षा — काही नाही. 'पहिल्या विवाहाचा तपशील' या रकान्यात एकच शब्द होता. मेघा.

ज्योतीने फोन लावला.

"नवलभाऊ का? मी जळगावहून ज्योती बोलते, परिचय सूचीचं काम करते."

मागे यंत्राची मोठी घरघर होती. "एक मिनिट," असं म्हणून त्याने काहीतरी बंद केलं, मग एकदम शांत झालं. "बोला. पण लग्नाच्या पुस्तकातून फोन करता आणि भाऊ म्हणता?"

"आपल्याकडे कंडक्टरलाही भाऊच म्हणतात."

"म्हणूनच तो सुट्टे देत नाही."

ज्योतीला हसू आलं. तिने ते दाबलं. "तुमची अपेक्षा कोरी आहे," ती म्हणाली.

"फॉर्म आईने भरायला लावला. ती समोर बसून होती, म्हणून तेवढा तरी भरला. अपेक्षा काय लिहितात लोक?"

"गोरी, उंच, नोकरी करणारी, घरकामाची आवड असणारी, मोठ्यांचा मान राखणारी, एकत्र कुटुंबात रमणारी."

"हे सगळं एकाच बाईने?"

"हो. एकाच."

"मग एवढी हुशार बाई आमच्या दुकानावर राहायला कशाला येईल?"

या वेळी ज्योतीला हसू दाबता आलं नाही. मग तिला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि तो हसत विचारण्यासारखा नव्हता. "पहिल्या विवाहाच्या रकान्यात नुसतं नाव आहे..."

"मग? काय पाहिजे?"

"लोक लिहितात — अल्पशा आजाराने निधन, अपत्य नाही — असं काहीतरी."

"आजार अल्पसा नव्हता," तो म्हणाला. "चौदा महिने होता. अपत्य नाही. तेवढं लिहा."

ज्योतीने फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ काही लिहिलं नाही. आईने विचारलं, "आणि?" ती म्हणाली, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला तीन ओळी पाठवल्या. सुस्वभावी, निर्व्यसनी, कष्टाळू, स्वतःचा भरभराटीचा व्यवसाय. पाच मिनिटांत फोन वाजला.

"मॅडम, हा माणूस धुळ्यात कुठे राहतो? मला भेटायचंय त्याला."

"का?"

"भरभराट कशी करतात ते विचारायचंय."

"मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"जळालेल्या मोटारी उघडतो, आतली तार काढतो, नवीन तार भरतो. रब्बीत कामाला उसंत नसते. पावसाळ्यात निवांत असतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मला करता येतात, पण गोल होत नाहीत. आणि..." तो थांबला.

"आणि?" ज्योती म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण अगदी आईसारखं म्हणालो.

"मेघाचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. तो काढणार नाही. एवढं लिहा."

ज्योतीने पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी लिहिण्याचं काम करते म्हणून सांगते. वाचणारा माणूस अशा ओळीला अडकतो. पुढे जात नाही. तुम्हाला एक फोन येणार नाही."

"अडकू द्या. जी फोन करेल, तिला नंतर समजावत बसावं लागणार नाही."

"तुम्ही... रोज पूजा करता का फोटोची?"

"छे. नुसता असतो. दुकानाला निघताना म्हणतो, येतो गं. बस एवढंच."

मग रोज संध्याकाळी साडेपाचला, दुकान जरा रिकामं असायचं तेव्हा, त्याचा फोन यायचा. कधी एक शब्द बदलायचा असायचा. कधी काहीच बदलायचं नसायचं आणि तो म्हणायचा, "आज तुमच्याकडे काय झालं?" ज्योती सांगायची — वेफर्सवाल्याला पाचवं 'कुरकुरीत' हवंय, संचालकांना भाषणात एक हुंदका हवाय. तो म्हणायचा, "हुंदक्याला मोटर लागेल, पाठवा इकडे." ज्योती त्याला भाऊ म्हणायची थांबली होती. दुसरं काय म्हणावं ते सुचत नव्हतं. म्हणून ती त्याला काहीच म्हणायची नाही, नुसतं "हं, बोला..." म्हणायची. आई भाजी निवडता निवडता तिच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. आई काही बोलत नाही म्हणजे तिने सगळं ऐकलं, हे ज्योतीला ठाऊक होतं.

पुस्तक छापायला जायच्या दिवशीही त्याचा फोन आला. "'काढणार नाही' हे कडक वाटतं. 'तो तिथेच राहील' असं करा."

ज्योतीने केलं. खरंच ते जास्त बरं वाटत होतं. तिने ती ओळ तीनदा वाचली, फाईल बंद केली आणि छापखान्याला पाठवून दिली. ओळीच्या खालचा नंबर तिने पाहिलाच नाही.

पुस्तक वाटून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नवल पाटील बोलतात का? मी पहूरहून कौतिक बोलतो. पान सत्तेचाळीस. माझ्या लेकीनेच पान काढून दाखवलं मला."

ज्योतीने पुस्तक ओढलं. पान सत्तेचाळीस. नवलचा फोटो, तीन ओळी, आणि खाली तिचा स्वतःचा नंबर. तिने कौतिकनानांचं नाव आणि फोन डायरीत लिहून घेतला. "मी त्यांना सांगते. ते तुम्हाला फोन करतील," ती म्हणाली.

आणि ती संध्याकाळी सांगणारच होती. पण साडेपाचला नवलचा फोन आला तो खुशीत. दुकानाला नवी पाटी करायची होती, तिच्यावर काय लिहायचं ते हवं होतं. त्या बोलण्यात हे राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फोन आले, एक पारोळ्याहून, एक भुसावळहून. आता सांगायचं तर आधी भाईदासभाऊंना सांगावं लागलं असतं, दुरुस्ती छापावी लागली असती, आणि स्मरणिकेचं काम हातातून गेलं असतं. एकाच महिन्यात दोन कामं गमवायची नाहीत, असं ज्योतीने स्वतःला समजावलं. कारण खरंच होतं. चार दिवस ते तिला पुरलं.

चौथ्या दिवशी भुसावळचाच फोन पुन्हा आला. मुलीची मोठी बहीण होती. "माणूस कसा आहे हो?" तिने विचारलं.

ज्योती बोलायला लागली. तो खोटं बोलत नाही, ती म्हणाली. त्याला हसवता येतं आणि त्याला आपण हसवतोय हे माहीत नसतं. त्याची भाकरी गोल होत नाही पण तो ती करतो. समोरचं माणूस गप्प झालं तर तो घाई करत नाही...

"तुम्ही त्यांच्या कोण?" पलीकडून विचारलं.

"मी? मी... माहिती देते."

फोन ठेवला तेव्हा ज्योतीचे कान तापले होते. तिने घड्याळ बघितलं. ती आठ मिनिटं बोलली होती. स्मरणिकेचं कारण संपलं होतं आणि खालचं खरं कारण उघडं पडलं होतं.

तरीही तिने सांगितलं नाही. डायरीत नावं वाढत गेली. सात झाली, नऊ झाली, अकरा झाली. कौतिकनानांनी चार वेळा फोन केला. चारही वेळा ती म्हणाली, "बघून सांगते."

मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी नवलचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"तुमचंच खरं झालं," तो म्हणाला. "एक फोन नाही आला. आईला फार लागलंय. तिला वाटतं, पोराला कोणी विचारत नाही. ती ओळ नको होती लिहायला."

"असं काही नसतं..." ज्योती कशीबशी म्हणाली.

"असतं. आई म्हणाली फोटो आत ठेव. काल मी काढला. कपाटात ठेवलाय." मग तो म्हणाला, "आज दुकानाला निघताना सवयीने 'येतो गं' म्हणालो. आणि समोर नुसती भिंत."

"रविवारी मेळाव्याला येतेय मी," एवढंच ती म्हणाली. "भेटून बोलू."

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. नंबरचं, अकरा नावांचं, फोटोचं. आई ऐकत राहिली. भिंतीवर बाबांचा फोटो होता. त्याच्याकडे बघून आई म्हणाली, "माणूस गेलं म्हणून त्याचा खिळा कोणी काढतं का? जा आणि सांगून ये. तो रागावला तर रागावला. खाऊन जा पण."

रविवारी सकाळी ज्योतीने धुळ्याची एसटी पकडली. थंडी चांगली होती. एरंडोलपर्यंत काचेला धुकं चिकटलेलं, पारोळ्याच्या पुढे ऊन. दुतर्फा वेचून झालेल्या कपाशीची शेतं. तिने डायरीतलं पान फाडून घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं आणि काय बोलायचं ते मनात लिहीत होती. एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी भाषणं लिहिली, पण स्वतःसाठी चार वाक्यं जुळेनात.

देवपूरच्या हॉलमध्ये गर्दी उसळली होती. व्यासपीठावर भाईदासभाऊ माइक धरून होते. मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला, आणि मधे दोन्हीकडचे मामा लोक. चहाच्या टेबलापाशी एक उंच माणूस दोन्ही हातांत कप घेऊन उभा होता. बोटांच्या पेरांत व्हार्निशचे पिवळे डाग होते. तो इकडेच बघत होता.

"मोटर वाइंडिंग?" ज्योतीने विचारलं.

"कुरकुरीत?" तो म्हणाला आणि एक कप पुढे केला. "कधीचा धरून उभा आहे. तीन वेळा बदलला, गार होतो म्हणून."

ज्योतीने कप घेतला. त्याचे डोळे फोनवरच्या आवाजासारखेच होते, थोडे थकलेले आणि लगेच हसणारे. आता सांगावं, तिने ठरवलं. "मला तुम्हाला एक..."

"नवलभाऊ! तुम्हीच ना?" पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ पुस्तक उघडून समोर आले. "मी पहूरचा कौतिक. चार फोन केले तुम्हाला. तुमच्या ऑफिसातल्या बाई उचलतात. गोड बोलतात हो, पण तुम्हाला काही देत नाहीत!"

"माझ्या ऑफिसात?" नवल गोंधळला. "माझं तर..."

कौतिकनानांनी पानावर बोट ठेवलं. नवलने नंबर वाचला; पुस्तक घरी आलं तेव्हा त्याने फक्त ओळी वाचल्या होत्या. हा नंबर तो महिनाभर रोज साडेपाचला लावत होता. त्याने हळूच मान वर केली आणि ज्योतीकडे बघितलं. ती बोलली नाही तर तो तिला सांभाळून घेईल, हे तिला त्या नजरेतच दिसलं. तो कौतिकनानांना म्हणतही होता, "हां... त्या बाई आहेत, नवीन आहेत जरा..."

"त्या बाई मीच," ज्योती म्हणाली.

तिने कप टेबलावर ठेवला, पर्समधून कागद काढला आणि नवलच्या हातात दिला. "नंबर चुकून छापला गेला. ती चूक होती. पण नंतर मी कोणालाच तुमचा नंबर दिला नाही, ती चूक नव्हती. अकरा घरांतून फोन आले."

नवलने कागद उघडला. नावं एकेक करून वाचली. "अकरा," तो म्हणाला. "फोटोची ओळ वाचून?"

"वाचूनच," कौतिकनाना मधेच म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "माझा जावई गेला त्याला चार वर्षं झाली. पोरगी म्हणाली, नाना, या माणसाला फोन करा. याच्या घरी मलाही माझा फोटो लपवावा लागणार नाही."

माइकवरून भाईदासभाऊ कुणाची तरी उंची सांगत होते.

"का नाही दिला नंबर?" नवलने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच ऐकायचं होतं.

ज्योतीने बसमध्ये जुळवलेली वाक्यं आठवून बघितली. एकही आठवेना. "तुम्ही दुसऱ्या कोणाला साडेपाचला फोन केला असता," ती म्हणाली, "ते मला चाललं नसतं."

नवलने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तो आधी कौतिकनानांकडे वळला. "नाना, फोन तुम्ही खऱ्या मनाने केलात. पण माझ्याकडे आता द्यायला होकार नाही. मला वाटतं, तो महिन्याभरापूर्वीच देऊन झाला होता. मला कळला आत्ता."

कौतिकनानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "हे पहिल्या फोनलाच सांगायचं होतं, पोरी," ते ज्योतीला म्हणाले. "माझी लेक दोन आठवडे फोनकडे बघत बसली नसती."

"चुकलं माझं, नाना." ज्योतीचे डोळे भरले. "मी काय करू?"

"तू लिहितेस ना? मग पहूरला ये. माझ्या लेकीसमोर बसून तिच्या तीन ओळी लिही. फॉर्मवरून नाही. तिला विचारून."

"येईन," ज्योती म्हणाली.

मग ती सरळ व्यासपीठाशी गेली आणि भाईदासभाऊंना सगळं सांगितलं. भाऊंनी कपाळाला हात लावला. "मागच्या वर्षी उंची, यंदा हे! आता माइकवर काय दुरुस्ती सांगू? बरोबर नंबर कोणता?"

"दुरुस्ती नको," मागून नवल म्हणाला. तो तिच्यामागे आलाच होता. "छापलेला नंबर बरोबर आहे, भाऊ."

मुख्याध्यापकांना दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं आणि माइक तोंडाशी नेला. "सूचना. पान सत्तेचाळीस, अनुक्रमांक तीन — यांचं जुळलं आहे. कृपया चौकशी करू नये."

"कोणाशी?" मामा लोकांतून लगेच आवाज आला.

"ते पुढच्या आवृत्तीत," भाईदासभाऊ म्हणाले. हॉल हसला. ज्योतीला कुठे बघावं कळेना, म्हणून ती नवलच्या बोटांवरचे पिवळे डाग बघत राहिली. माइक बाजूला धरून भाऊ तिला हळूच म्हणाले, "स्मरणिका मात्र दुसऱ्याला देतो, बेटा. तेवढं भोग." ज्योतीने मान हलवली. ते तिला पटलं.

दुपारी नवल तिला घरी घेऊन गेला. घर दुकानाच्या वरच होतं. त्याची आई झुंबरबाई मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. अंगणात धूर आणि भाजल्या सालीचा वास भरला होता. नवलने आईला थोडक्यात सांगितलं. तिने ज्योतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अकरा फोन उनात?" तिने अहिराणीत नवलला विचारलं.

"अकरा आले, आई."

"आनि बठ्ठा हिनी दाबी ठेवात?"

"हो, सगळे हिनेच दाबून ठेवले."

झुंबरबाई हसायला लागली ती थांबेचना. पदराने डोळे पुसत म्हणाली, "हाई पोर घर सांभाळी. बैस बेटा, भरीत खा."

जेवायच्या आधी नवलने कपाट उघडलं. ज्योतीने स्टूल धरलं. तो वर चढला आणि फोटो होता तिथे लावला. ज्योतीने मेघाला पहिल्यांदा बघितलं. साधा चेहरा, केसांत अबोलीचा गजरा, फोटोवाल्याने हस म्हणायच्या आधीच हसलेली.

"वाकडा शे," खालून झुंबरबाई म्हणाली.

"वाकडा नाही," ज्योती म्हणाली. "नीट आहे."

नवल स्टुलावरून उतरला. "मी तुम्हाला काय म्हणू?" त्याने हळू आवाजात विचारलं. "मॅडम आता बरं दिसत नाही."

"ज्योती म्हणा."

"आणि तू मला?"

ज्योतीने थोडा विचार केला. "अजून सुचलेलं नाही," ती म्हणाली. "पण भाऊ नाही, एवढं नक्की."

लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, करायचं ठरलं आहे. आईही धुळ्यालाच येणार आहे. जळगावच्या दोन खोल्यांतून ती फक्त बाबांचा फोटो आणि पोळपाट घेणार म्हणते. ज्योतीचं लिहिणं तसंच चालू आहे, कधी तीन फोन, कधी एकही नाही. दातांच्या डॉक्टरांना अजून थोडं भारी हवं आहे. दुकानाची पाटी लिहून झाली, लागली. अकरापैकी दहा घरांना ज्योतीने स्वतः फोन करून माफी मागितली. कुणी हसलं, कुणी चार शब्द सुनावले, पारोळ्याच्या काकूंनी लग्नाला बोलाव म्हणून सांगितलं.

कौतिकनानांच्या लेकीला अजून भेटणं झालेलं नाही. पहूरला जाऊन, तिच्यासमोर बसून, तिच्या तीन ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.